दहा रुपयांच्या मसाला पुडीसाठी पॅकिंग मशीन कोणतं घ्यावं?

डंकावाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात पलूसजवळ आमचा अकरा जणींचा बचत गट आहे. आम्ही कांदा-लसूण मसाला करतो. मिरची ब्याडगी आणि संकेश्वरी, कांदा वाळवून तळलेला, लसूण, खोबरं, तीळ, धणे, सगळं डंकावर कुटून. पाव किलो आणि अर्धा किलोची पाकिटं नीट चालली आहेत. पण आठवडी बाजारातले दुकानदार दोन वर्षं एकच मागणी करतायत: "ताई, दहा रुपयांची पुडी द्या, माळ लावतो." ऊसतोडीला आलेली कुटुंबं एकदम पाव किलो घेत नाहीत, दोन-तीन कालवणांपुरता मसाला मागतात. त्यांच्या हातात आज दुसऱ्यांच्या पुड्या जातात, ज्यात मीठ आणि रंगच जास्त. आमचा मसाला त्यांच्यापर्यंत पोचावा असं मनापासून वाटतं.

सध्या वीस ग्रॅमच्या पुड्या हाताने भरतो. चमच्याने काट्यावर वजन, मग पायाच्या सीलरवर तोंड बंद. सहा जणी दिवसभर बसलो की हजार-बाराशे पुड्या होतात आणि मिरचीने हात दोन दिवस भगभगतात. मागणी मात्र रोजच्या तीन-चार हजारांची आहे.

तीन कोटेशनं आली आहेत. पहिलं कप फिलरचं, 2 लाख 40 हजार. दुसरं ऑगरचं, हवेवर चालणारं, 4 लाख 90 हजार. तिसरं जुनं मशीन, 1 लाख 30 हजार. विकणारे तिघंही म्हणतात, "तुमचा मसाला आरामात चालेल." गटाचे पैसे आहेत, चूक परवडणार नाही. जाणकारांनी सांगावं.

वसईचा_फिटर

ताई, एकोणीस वर्षं हीच मशीनं बसवतो आणि दुरुस्त करतो, त्यामुळे सरळ सांगतो. कप फिलरचं कोटेशन आजच बाजूला ठेवा.

कप फिलर म्हणजे फिरत्या तबकडीत ठरावीक मापाच्या वाट्या. वाटी भरते, वरची पट्टी माल काठाबरोबर सपाट करते, खालचं झाकण उघडतं आणि माल पुडीत पडतो. मशीन वजन करत नाही, माप करतं. साखर, तांदूळ, बडीशेप, चहा असा सुटा वाहणारा माल असेल तर उत्तम आणि स्वस्त. तुमच्या मसाल्यात खोबऱ्याचं, तिळाचं आणि तळणीचं तेल आहे. तो मुठीत दाबला की लाडू वळतो. असा माल वाटीत कधी दाबून बसतो, कधी पोकळ बसतो, आणि निम्मा वाटीलाच चिकटून राहतो. एक पुडी सोळा ग्रॅमची, पुढची तेवीसची.

तुम्हाला ऑगर लागेल. हॉपरच्या, म्हणजे माल ओतायच्या नरसाळ्याच्या, मधोमध उभा स्क्रू असतो, ठरलेले फेरे फिरून तेवढाच माल खाली ढकलतो. त्यातही दोन प्रकार. क्लच-ब्रेकवाला जुना, क्लच झिजला की वजन हलायला लागतं. सर्वो मोटरवाला महाग, पण फेऱ्याचा लहान भागसुद्धा मोजून थांबतो. तेलकट मसाल्याला सर्वोच घ्या. आणि हॉपरमध्ये ढवळणी हवीच, ती कोटेशनमध्ये लिहून घ्या. ढवळणी नसेल तर स्क्रूभोवती माल खाल्ला जातो, वर मसाल्याची कमान उभी राहते आणि मशीन रिकाम्या पुड्या काढत बसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मशीन बघायला जाताना तुमचा स्वतःचा मसाला न्या. किलो-दोन किलो नको, निदान पंधरा किलो, ताजा कुटलेला. तोच मसाला परत परत हॉपरमध्ये टाकत दोन तास सलग चालवून घ्या. पहिली दहा मिनिटं सगळीच मशीनं चांगली चालतात.

पुडीवाला

फिटरदादांच्या शेवटच्या ओळीला माझा जोडून अनुभव. नाशिकला माझा मुखवासाचा धंदा आहे. बडीशेप-धनाडाळ कप फिलरवर सुरेख चालते, तक्रार नाही. मग मी सुपारी-खोबऱ्याचा ओला मुखवास त्याच मशीनवर काढायला गेलो. विकणाऱ्याने डेमो साखरेवर दाखवला होता. साखर धो धो पडत होती, मी खूश होऊन आगाऊ रक्कम दिली. घरी आल्यावर खोबऱ्याचा कीस वाटीतून सुटेना. एक मुलगा काठी घेऊन हॉपरपाशी उभा करावा लागला. आठ महिन्यांनी निम्म्या किमतीत मशीन गेलं.

माझी दुसरी चूक पुडीच्या कागदाच्या रोलची. छापील रोल ग्रॅव्ह्युअरवर छापतात, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि छापणारा ठरावीक किलोंच्या खाली ऑर्डर घेत नाही. मला 300 किलो घ्यावा लागला. वर्षाच्या आत जागा बदलली, पत्ता बदलला, रोल तसाच पडला. ताई, सुरुवातीला साधा किंवा एकरंगी रोल घ्या, नाहीतर डिजिटल छपाई करा. किलोमागे महाग पडते, पण थोडी मिळते.

हिशेबी

300 किलो म्हणजे किती पुड्या, ते मांडून बघू. पुडी 80 बाय 110 मिलिमीटर धरली तर दोन्ही बाजू मिळून 176 चौरस सेंटिमीटर कागद. बारा मायक्रॉन पॉलिस्टर, बारा मायक्रॉन चंदेरी पॉलिस्टर आणि आत चाळीस मायक्रॉन पॉलिथिन असा तीन पदरी लॅमिनेट चौरस मीटरला साधारण 73 ग्रॅम भरतो. म्हणजे पुडीला सव्वा ग्रॅमच्या आसपास, किलोत पावणेआठशे पुड्या. 300 किलोत सव्वादोन लाखांवर. रोज 3000 पुड्यांनी अडीच महिन्यांचा माल एका दमात विकत घेण्यासारखं आहे. खेळतं भांडवल तिथेच अडकतं.

आता मशीनचा वेग. मिनिटाला 60 पुड्या ऐकायला छान वाटतं. रोल बदलणं, हॉपर भरणं, मध्येच सीलची तपासणी धरून पंचाहत्तर टक्के वेळ खरा मिळतो. मिनिटाला 30 पुड्यांचं साधं मशीनसुद्धा तासाला 1350 पुड्या देतं. तीन तासांत तुमचे चार हजार झाले. चार हजार पुड्या म्हणजे 80 किलो मसाला. तुमचा डंक रोज 80 किलो कुटतो का? जास्त वेगासाठी जास्त पैसे मोजू नका, ते पैसे ऑगरमध्ये घाला.

डंकावाली

डंक रोज 60 किलो देतो, तोही वीज नीट असेल तर. म्हणजे 30चं मशीन पुरेसं. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, सगळ्या जणी वेग बघत होतो. हिशेबीदादा, खूप आभार.

विजेवरून आठवलं. आमच्याकडे संध्याकाळी शेतपंप सुरू झाले की 180 व्होल्टपर्यंत येतं. काही अडेल का?

वसईचा_फिटर

अडेल, आणि सीलमध्येच अडेल. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. 230 वर जेवढी मिळते, तिच्या साठ टक्के 180 वर. तापमान धरून ठेवणारा कंट्रोलर हीटर जास्त वेळ चालू ठेवून भरपाई करतो, पण जॉ, म्हणजे पुडीचं तोंड दाबून चिकटवणारे दोन तापलेले जबडे, तापायला उशीर होतो आणि मधल्या पुड्यांचं सील कच्चं राहतं. बघायला पुडी बंद दिसते, दाबली की तोंड उघडतं. सर्वो ड्राइव्ह कमी व्होल्टेजला ट्रिप होतो तो वेगळाच. मशीनच्या जोडीने स्टॅबिलायझर घ्या आणि पॅकिंग सकाळी करा.

लाइट गेली की पहिलं काम: जॉ बंद अवस्थेत थांबले असतील तर हाताने मोकळे करा. नाहीतर कागद आत वितळून जॉच्या दातांत बसतो. तो पितळी ब्रशनेच काढायचा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून दात खराब केलेली मशीनं मी किती पाहिली! त्यानंतर सील कधीच पक्कं बसत नाही.

हवेवर चालणाऱ्या मशीनला कंप्रेसर लागतो. त्याची किंमत कोटेशनमध्ये आहे की नाही ते विचारा, बऱ्याचदा नसते. टाकीत पाणी साठतं, रोज संध्याकाळी खालची चावी उघडून काढायचं.

कोकमआगळ

कुडाळहून लिहितेय. आमचा माल पातळ, त्यामुळे मशीन वेगळं, पण सीलचं दुखणं तेच. पंधरा मिलिलिटरची आगळाची पुडी काढतो, पर्यटक सोलकढीसाठी नेतात. पातळ मालाला पिस्टन फिलर. आगळ आंबट आणि वर मिठाचं, म्हणून मालाला लागणारे सगळे भाग 316 दर्जाच्या स्टीलचे मागून घेतले. साध्या 304वर मिठाने बारीक खड्डे पडतात.

आमचं पहिलं वर्ष थेंबाने खाल्लं. नळी बंद झाल्यावर टोकाला एक थेंब लोंबायचा आणि पुढच्या पुडीच्या तोंडाशी, नेमका सीलच्या जागेवर पडायचा. ओल्या जागी पॉलिथिन चिकटत नाही. शंभरातल्या पाच-सहा पुड्या खोक्यात गळायच्या आणि अख्खं खोकं जांभळं व्हायचं. टोकाला बंद होणारी झडप बसवली तेव्हा थांबलं. ताई, तुमच्याकडे थेंबाच्या जागी मसाल्याची धूळ असेल. ती कशी थांबते ते फिटरदादांना विचारा.

वसईचा_फिटर

बरोबर पकडलंत ताई. पावडरच्या मशीनमधली निम्मी भांडणं याच धुळीची.

मसाला वरून पडतो तेव्हा हवा बाहेर येते आणि बारीक कण घेऊन वर उठते. ते कण आडव्या सीलच्या जागेवर बसतात. जॉ दाबतात तेव्हा मध्ये मसाल्याचा पातळ थर असतो. नव्या पुडीत कळतही नाही. आठ दिवसांनी तेल त्या वाटेने बाहेर येतं, पुडी चिकट होते आणि दुकानदार माळ परत देतो. उपाय तीन. स्क्रूच्या तोंडाशी माल अडवणारी चकती बसवून घ्या, म्हणजे थांबल्यावर कण गळत नाहीत. कागद नळीसारखा वळतो त्या कॉलरपाशी धूळ ओढणारी नळी लावा. आणि माल पडल्यावर जॉ मिटायला किंचित उशीर ठेवा. वेग दोन-चार पुड्यांनी कमी होतो, होऊ द्या.

तपासायची सोपी रीत सांगतो. वीस पुड्या पांढऱ्या कागदावर मांडा, वर पाटी ठेवून दहा किलो वजन द्या, रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर तेलाचा डाग दिसला तर ती पुडी कुठल्या बाजूने गळली ते बघा. आडव्या सीलमधून गळली तर धूळ किंवा उष्णता. उभ्या सीलमधून गळली तर रोल वाकडा चाललाय.

कॉलरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सपाट कागदाला नळीचा आकार देणारी ती स्टीलची कॉलर, तिच्यावर पुडीची रुंदी ठरते. लांबी पडद्यावरच्या बटनाने बदलते, रुंदी बदलायची तर नवी कॉलर घ्यावी लागते. म्हणून एकच रुंदी पकडा, 80 मिलिमीटर. तीन बाजूंनी सील होणाऱ्या पुडीला रोल 160चा लागेल. उद्या पाच रुपयांची दहा ग्रॅमची पुडी काढायची झाली तर तोच रोल, तीच कॉलर, फक्त लांबी कमी.

आणि दुकानदारांना माळ हवी आहे ना? मग ठरावीक पुड्यांनंतरच पूर्ण कापणारा आणि मधल्या पुड्यांवर फक्त भोकांची रेघ मारणारा कटर मागा. हे सुरुवातीलाच सांगितलं नाही तर नंतर वेगळा खर्च येतो.

हिशेबी

कायद्याचं थोडं. वजनमापाच्या 2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांत दहा ग्रॅमपर्यंतच्या पुडीला सूट आहे. वीस ग्रॅमला नाही. म्हणजे गटाचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क आणि ग्रॅममागची किंमत, तुमच्या बाबतीत 50 पैसे, हे सगळं पुडीवर हवं. पॅकर म्हणून नोंदणीही करावी लागते, शुल्क 500 रुपये. अन्नसुरक्षेच्या लेबल नियमांत 100 चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या पुडीला काही सवलती आहेत, पण तुमची पुडी 176ची. त्यामुळे घटक, बॅच, परवाना क्रमांक आणि हिरवी खूण, सगळं छापा.

वजनातली चूक: 50 ग्रॅमपर्यंतच्या पुडीला नऊ टक्के चालते. वीस ग्रॅमला 1.8 ग्रॅम. पण ती एखाद्या पुडीची सूट आहे. तपासायला घेतलेल्या पुड्यांची सरासरी वीसच्या खाली जाता कामा नये. म्हणून मशीन वीसच्या थोडं वर लावावं लागतं. जेवढं मशीन डळमळीत, तेवढा जास्त मसाला फुकट द्यावा लागतो. रोज 3000 पुड्यांत एक-एक ग्रॅम जास्त गेला तर तीन किलो मसाला. स्वस्त मशीन इथे महाग पडतं.

पैशांचं म्हणाल तर केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, जी 2020 ला मर्यादित मुदतीसाठी सुरू झाली (अजून चालू आहे का ते आधी विचारा), कर्जाशी जोडलेलं 35 टक्के अनुदान मिळतं, कमाल दहा लाख. स्वतःचा वाटा निदान दहा टक्के. आपल्याकडे कृषी विभागामार्फत अर्ज होतो आणि जिल्ह्याच्या साधन व्यक्ती प्रकल्प अहवाल करून देतात. एक गोष्ट आधीच समजून घ्या: अनुदान हातात येत नाही, कर्जखात्याशी बांधून तीन वर्षं ठेवतात. हप्ते नियमित गेले आणि उद्योग चालू असला तर मग कर्जात वळतं करतात. बचत गटातल्या सभासदांना 40 हजारांपर्यंत बीज भांडवलाची तरतूदही याच योजनेत आहे. मशीनवर 18 टक्के जीएसटी असतो, कोटेशनमधली रक्कम त्याशिवायची आहे का बघा.

डंकावाली

बघितलं. 4 लाख 90 हजार जीएसटीशिवाय, आणि कंप्रेसर वेगळा. दोन्ही गोष्टी विक्रेत्याने बोलताना सांगितल्या नव्हत्या.

जुन्या मशीनचं काय? आमच्यातल्या दोघींचा ओढा तिकडे आहे, कारण कर्ज काढावं लागणार नाही.

वसईचा_फिटर

जुनं घेण्यात वाईट काही नाही, पण बघायचं कसं ते सांगतो. रंग बघू नका, नवा रंग दोन दिवसांत मारता येतो. जॉचे दात आरशासमोर धरून बघा, सरळ रेषेत आहेत का. दोन जॉंमध्ये कोरा कागद धरून थंड अवस्थेतच दाबा, दातांचा ठसा पूर्ण रुंदीवर सारखा उठला पाहिजे. एका बाजूला फिका असेल तर जॉ वाकले आहेत. रोल ओढणाऱ्या रबरी चाकांना नखाने दाबा, कडक झाली असतील तर छापील रोल सरकणार आणि पुडी नावाच्या मधोमध कापली जाणार. शेवटी कंट्रोल पॅनेल उघडायला लावा. आतल्या कार्डावर कंपनीचा क्रमांक खोडलेला असेल तर मशीन घेऊ नका, बिघडल्यावर सुटा भाग मिळायचा नाही.

आणि ते मशीन आधी काय भरत होतं ते विचारा. साबणाची पावडर भरलेलं मशीन खाण्याच्या मालाला घ्यायचंच नाही, कितीही धुतलं तरी.

डंकावाली

आज सगळं ताजं असतानाच लिहिते.

जुनं मशीन बघितलं. डिटर्जंटवरच चालत होतं. तिथूनच परत फिरलो.

मग ऑगरवाल्याकडे तिघी जणी गेलो. सोबत आदल्या दिवशी कुटलेला पंधरा किलो मसाला आणि आमचा काटा. त्यांनी आधी स्वतःची हळद काढून ठेवली होती. आम्ही म्हटलं, आमचाच चालवा. पहिली वीस मिनिटं अगदी छान. मग पुड्या हलक्या पडायला लागल्या, एक तर बारा ग्रॅमची. झाकण काढून बघितलं तर फिटरदादांनी लिहिलं होतं तसंच: स्क्रूभोवती विहिरीसारखी पोकळी आणि वर मसाल्याची भिंत. त्यांचा कारागीर म्हणाला, मसाला जास्त तेलकट आहे, तेल कमी करा. आमच्या आक्का त्याला म्हणाल्या, "मसाला सासूबाईंच्या हातचा आहे, तो बदलायचा नाही. मशीन बदला." त्यांनी दुसऱ्या मशीनची ढवळणी काढून बसवली, तासभर गेला. त्यानंतर तोच मसाला परत परत टाकत दीड तास सलग चाललं. शंभर पुड्या एकेक करून मोजल्या. सगळ्यात हलकी 19.4, सगळ्यात जड 21.2, सरासरी 20.3. पुड्या घरी आणून पाटीखाली ठेवल्या. वीसातली एक गळली, आडव्या सीलमधून. धूळ ओढणारी नळी त्या मशीनला नव्हती.

मिनिटाला 28 पुड्या आल्या. आम्हाला पुरे.

आता लिहून घेतलेल्या गोष्टी: ढवळणी, चकती, धुळीची नळी, माळेचा कटर, 80ची कॉलर, तारीख छापणारा कोडर, दोन जादा हीटर, तापमान मोजणारं एक थर्मोकपल, टेफ्लॉनची पट्टी. दहा टक्के रक्कम आमच्या शेडमध्ये आमच्या मसाल्यावर मशीन चालल्यावर द्यायची. विक्रेता आधी नाही म्हणत होता, मग तयार झाला. कर्जाच्या अर्जासाठी सोमवारी कृषी कार्यालयात जायचं आहे.

एकच विचारायचं राहिलं. मशीन डंकाच्या खोलीतच ठेवू का? मसाला उचलून न्यायचे कष्ट वाचतील.

वसईचा_फिटर

नको ताई. डंकाचा हादरा वजनाच्या काट्याला चालत नाही आणि मिरचीची धूळ सेन्सरच्या काचेवर बसली की त्याला रोलवरची खूण दिसत नाही. मध्ये भिंत हवीच. पावसाळ्यात खिडकी बंद राहील अशी खोली निवडा, दमट हवेत मसाला हॉपरमध्येच ओल धरतो. आणि मशीन भिंतीला चिकटवू नका. रोल मागून चढतो, मागे निदान अडीच फूट मोकळे सोडा. दोन बायकांना रोल उचलून उभं राहता आलं पाहिजे.